मॅट्रिकपर्यंतचे विश्व

गेल्या श्रावणात एके दिवशी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सातवीच्या वर्गावर मला बदली तास घ्यावा लागला. मी शिकवतो मराठी. बदली तासाला मुलांना गोष्ट सांगून गप्प बसवावे, हा आमच्या पेशातला जुना रिवाज आहे. त्या दिवशी मला काय लहर आली कोण जाणे; राजाराणीची सोडून मी विश्वाच्या जन्माची गोष्ट सांगायला घेतली. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्यातून पुढे तारे झाले, ग्रह झाले, आपण झालो. मुले चिडीचूप होती. बाहेर मुलुंडचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. तास रंगला असे मनाशी म्हणतो आहे, तोच खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण तो स्फोट झाला कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"म्हणजे इथून कुठल्या बाजूला? किती लांब?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो. शिक्षकाच्या भात्यातला हा शेवटचा बाण. तो सोडून मी वर्गाबाहेर पडलो खरा, पण दिवसभर मला चैन पडले नाही. या विषयावरची पुस्तके मी पंधरा-सोळा वर्षे वाचीत आलो आहे आणि सातवीतल्या मुलीच्या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यातही गणितात काठावर पास. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला गणित लागते ते पानांचे आणि मानधनाचे. सापेक्षतेची आणि माझी गाठ पडली ती फोर्टातल्या पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. आइन्स्टाइनने सामान्य वाचकांसाठी स्वतः लिहिलेले एक लहानसे पुस्तक आहे. मूळ जर्मन पुस्तक १९१७ सालचे. इंग्रजी भाषांतर १९२० साली निघाले. त्याची एक जुनी प्रत माझ्या हाती लागली. उभ्याउभ्याच प्रस्तावना चाळली आणि थबकलो. आइन्स्टाइनने तिथे सांगून ठेवले आहे की, वाचकाचे शिक्षण साधारण मॅट्रिकइतके झाले आहे असे या पुस्तकात गृहीत धरले आहे. मात्र त्याच्या अंगी बराच धीर आणि निश्चय हवा. एवढ्या थोर माणसाने माझी इयत्ता पाहून मला घरात बोलावले होते! युरोपातले मॅट्रिक आणि आपले मॅट्रिक यांत बरेच अंतर असणार, हे माझ्या पुढे ध्यानात आले. पण तोवर पैसे देऊन झाले होते.

ते पुस्तक मी लोकलमध्ये वाचले, आणि ते वाचायला लोकलइतकी योग्य जागा दुसरी नाही. आइन्स्टाइन आपला सारा युक्तिवाद आगगाडीवरच रचतो. मुलुंडच्या फलाटावर आपण धीम्या गाडीत बसलेले असतो. शेजारच्या रुळावरची जलद गाडी हलू लागते आणि क्षणभर वाटते की आपलीच गाडी निघाली. खांबाकडे पाहिल्याशिवाय कोण हलते आहे ते कळत नाही. हा अनुभव उपनगरातल्या लहान पोरालाही आहे. गॅलिलिओलाही हे ठाऊक होते. त्याने जहाजाचा दाखला दिला होता. आइन्स्टाइनने १९०५ साली त्यात एकच गोष्ट नव्याने घातली. प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर, फलाटावरच्याला आणि गाडीतल्याला अगदी सारखाच दिसतो. ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण तेवढ्याने घड्याळाचा पायाच हलतो.

समजा, चालत्या गाडीच्या दोन्ही टोकांशी एकदम विजा पडल्या. फलाटाच्या मधोमध उभ्या असलेल्या हमालाला दोन्ही लखलखाट एकाच क्षणी दिसले. गाडीच्या मधल्या डब्यातली बाई मात्र पुढच्या विजेच्या दिशेने जात आहे. तिला पुढचा लखलखाट आधी दिसतो, मागचा नंतर. ती दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर बसलेली आणि प्रकाशाचा वेग तिलाही दोन्हीकडून सारखाच. मग तिने काय समजावे? पुढची वीज आधी पडली, हेच. हमाल म्हणतो एकदम, बाई म्हणते पुढची आधी. खरे कोणाचे? दोघांचेही. 'एकाच वेळी' या शब्दांना सगळ्या जगाला मिळून असा एक अर्थच नाही. हे पान मी ठाणे ते दादर असे निदान दहा वेळा वाचले असेल. दहाव्या वेळी विक्रोळीच्या आसपास ते कळले, आणि घाटकोपरला पुन्हा निसटले.

त्यातूनच पुढे निघते की, धावत्याचे घड्याळ उभ्याच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. मग लोकलने जन्मभर प्रवास करणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा काही लाभ? आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मला हिशेब करून दिला. ताशी साठ किलोमीटरच्या गाडीतून रोज दोन तास, वर्षाचे तीनशे दिवस, अशी तीस वर्षे नोकरी केलेला गृहस्थ घरी बसलेल्या बायकोपेक्षा सेकंदाच्या एक कोटीव्या भागाने तरुण राहतो. त्या धक्काबुक्कीत तो किती वर्षांनी म्हातारा होतो, हे त्या हिशेबात धरलेले नाही. पण हा फरक थट्टेचाच आहे असे मात्र नाही. हातातल्या फोनवरचा नकाशा ज्या उपग्रहांच्या घड्याळांवर चालतो, त्यांत वेगामुळे आणि वरच्या क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. तो वेळीच सुधारून घेतला नाही तर एका दिवसात नकाशा अकरा किलोमीटरने चुकेल, म्हणजे मुलुंडचे घर जवळजवळ घाटकोपरला जाऊन बसेल.

धीर आणि निश्चय एवढ्या भांडवलावर आकाशाचे पुस्तक उघडणारा मॅट्रिक मास्तर आपल्याकडे माझ्या फार आधी होऊन गेला आहे, आणि त्याने ते पुस्तक नुसते वाचले नाही, लिहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोकणातल्या मुरूडचे, जन्म १८५३ चा. मॅट्रिक झाल्यावर रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांनी शाळामास्तरकी केली. आमच्या मुलुंडहून एक स्टेशन पलीकडे ठाण्याच्या मराठी शाळेत ते होते, हे वाचले तेव्हा मला उगीचच अभिमान वाटला. भारतीय ज्योतिषाचा प्राचीन काळापासूनचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला; तो ग्रंथ १८९६ साली बाहेर आला आणि आजही त्याच्यावाचून अभ्यासकांचे चालत नाही. आणि घरातल्या माणसांसाठी लिहिले 'ज्योतिर्विलास', ज्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. काय सुरेख नाव! दिव्याखाली बसून वाचावे आणि मग अंगणात जाऊन वर पाहावे, असे हे पुस्तक. १८९८ साली, पंचेचाळिशीच्या आतच, ते वारले.

दीक्षितांच्या काळी आपली आकाशगंगा हेच सारे विश्व की आकाशात दिसणारे अंधुक ढग ही तशीच दुसरी विश्वे, याचा निकाल लागलेला नव्हता. तो अमेरिकेत हबलने १९२४ च्या सुमारास लावला. देवयानी नक्षत्रातला तो फिकट डाग आपल्यापासून सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे. दिवाळीच्या अमावास्येला संध्याकाळनंतर ती पूर्वेकडून डोक्यावर येते. मुलुंडहून दिसणार नाही, आकाशकंदील विझवले तरी दिसणार नाही. कर्जतच्या बाजूला एखाद्या काळोख्या माळावर गेले तर दिसते. १९२९ साली हबलनेच दाखवले की, दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जात आहे. विश्व फुगते आहे.

आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त १९१५ चा. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टनच्या मंडळींनी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे मोजले आणि आइन्स्टाइन रातोरात जगप्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १९२० साली, त्याच्या मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने निघाले ते लंडनला नव्हे, कलकत्त्याला! भाषांतरकार मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस, दोघेही पंचविशीच्या आसपासचे. परक्या भाषेतले शास्त्र भाषांतर करता करता शिकायचे, ही आपल्याकडची रीत अशी जुनी आहे.

महाराष्ट्रात तेव्हा रँग्लर या शब्दाला मोठा दबदबा होता. रँग्लर परांजपे यांनी १८९९ साली केंब्रिजला पहिला नंबर मिळवला तेव्हापासून प्रत्येक हुशार मुलाच्या आईच्या डोळ्यांपुढे तेच स्वप्न. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, जन्म १९०८, मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली पदवीधर होऊन केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. तिथे प्रत्यक्ष एडिंग्टनच्या हाताखाली त्यांना काम करायला मिळाले. त्यांनी विलायतेतच राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावले आणि १९३२ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख झाले. त्यांनी तिथे सापेक्षतेचे एक गुरुकुलच उभे केले. करमरकर नावाचे त्यांचे शिष्य. त्यांनी १९४८ साली मांडलेली अट आजही देशोदेशीचे संशोधक 'करमरकर अट' म्हणूनच वापरतात.

पण या गुरुकुलातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो विद्यार्थी मराठी नव्हे, आणि त्याची सुरुवात आमच्या उपनगरातली आहे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य, जुनागडकडचे, जन्म १९१८. शिकायला ते मुंबईस आले ते अंधेरीपुढच्या जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० साली निघालेल्या इस्माईल युसूफ कॉलेजात. त्या काळची अंधेरी म्हणजे शेते, वाड्या आणि विहिरी. पुढे सापेक्षतेचा ध्यास लागला आणि १९४२ साली बायको आणि सहा महिन्यांची मुलगी यांना घेऊन, गाठीच्या थोड्याशा पैशांच्या भरवशावर, वैद्य बनारसला नारळीकरांकडे जाऊन राहिले. साल लक्षात घ्या. देशात 'चले जाव' पेटलेले, जगात महायुद्ध, आणि हा गृहस्थ ताऱ्याभोवतीचा अवकाश कसा वाकतो ते मांडतो आहे. पदरी लेकरू असलेल्या बाईने या बेताला 'बरं' म्हटले, हेही मला त्या संशोधनाइतकेच मोठे वाटते.

त्यांनी केले काय, हे माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीला समजले तसे सांगतो. आइन्स्टाइनची समीकरणे ताऱ्यासाठी पहिल्यांदा सोडवली ती श्वार्झशिल्डने, १९१६ साली. पण त्याचा तारा गणितातला. तो प्रकाशत नाही, जसाच्या तसा राहतो. खरा तारा तर अहोरात्र प्रकाश ओतीत असतो आणि त्या प्रकाशाबरोबर त्याचे वस्तुमानही घटत असते. अशा जळत्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे असेल? वैद्यांनी ते १९४३ साली मांडले. त्यावेळी जगाला त्याची गरज नव्हती. वीस वर्षांनी क्वेसार सापडले, प्रचंड ऊर्जा ओकणाऱ्या वस्तूंचा विचार सुरू झाला, तेव्हा शास्त्रज्ञांना वैद्यांच्या त्या निबंधाची आठवण झाली. वैद्य दरम्यान गुजरातेत मुलांना गणित शिकवीत होते. २०१० साली ते वारले, तोवर शिक्षकच राहिले.

बनारसच्या त्याच घरात विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत वाढत होते. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडिलांनी मुलांसाठी घराच्या भिंतीवर फळे रंगवून घेतले होते. मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा तिथे शिकायला येऊन राहिले. ते फळ्यावर भाच्यासाठी कोडे लिहून ठेवीत आणि सुटेपर्यंत पुसू देत नसत. सुटले नाही तर मोरूमामा उत्तर सांगणार, म्हणजे हार! मला वाटते, महागड्या खेळण्यांवर उडवलेल्या पैशात आपल्याला असा एखादा फळा घरात सहज रंगवता येईल; मोरूमामा मात्र मिळायला हवेत.

जयंतराव केंब्रिजला गेले १९५७ साली आणि फ्रेड हॉएलचे शिष्य झाले. इथून माझ्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाशी या इतिहासाची गाठ पडते. हॉएल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली 'स्थिर स्थिती'चा सिद्धान्त मांडला होता. विश्व फुगते हे त्यांना मान्य. पण त्याला आरंभ नाही, अंत नाही. दीर्घिका दूर गेल्या की मोकळ्या जागी नवे द्रव्य जन्मते, एका घनकिलोमीटरात वर्षाला साधारण एखादा अणू एवढेच, आणि विश्वाचा चेहरा सदैव तसाच राहतो. आरंभ मानणाऱ्या विरुद्ध पक्षाच्या मताला हॉएलने १९४९ साली रेडिओवरच्या भाषणात सहज म्हणून 'बिग बँग' म्हटले. विरोधकाने दिलेले ते नाव चिकटले, आणि मराठीत त्याचा 'महास्फोट' झाला. दिवाळीत सुतळी बॉम्ब फोडणाऱ्या आपल्या मुलांनी स्फोट म्हटल्यावर 'कुठे' असे विचारले नाही तरच नवल. नावानेच घात केला आहे.

१९६१ साली रेडिओ दुर्बिणींच्या मोजणीवरून मार्टिन राइल यांनी जाहीर केले की स्थिर स्थिती खोटी ठरली. उत्तर द्यायच्या सभेला हॉएलना दुसरे काम होते. त्यांनी लंडनच्या त्या सभेत बावीस वर्षांच्या जयंतरावांना उभे केले. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धान्त मांडला आणि नारळीकर हे नाव घराघरांत गेले. १९६५ साली, सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. त्यावर्षी ते भारतात आले तेव्हा व्याख्यानांना तोबा गर्दी लोटली होती. आणि नेमके त्याच वर्षी अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांनी जाहीर केले की, आकाशाच्या प्रत्येक दिशेने एक अगदी मंद ऊब येत आहे, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर. विश्व कधीकाळी दाट आणि तप्त होते, त्याची ही निववलेली धग. बहुतेक शास्त्रज्ञांच्या लेखी वादाचा निकाल तिथे लागला.

नारळीकरांच्या लेखी लागला नाही. १९७२ साली ते मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, पुढे पुण्यास 'आयुका' उभी केली, आणि १९९३ साली हॉएल व बर्बिज यांच्यासह स्थिर स्थितीची सुधारलेली आवृत्ती मांडली. २० मे २०२५ रोजी ते गेले, तोवर महास्फोट त्यांनी स्वीकारला नव्हता.

आता कबुली द्यायची ती अशी की, शाळेत असताना मी कट्टर स्थिर स्थितीवादी होतो. का? तर नारळीकर आपले! कोल्हापूरचे. मराठीत लिहिणारे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले. मंगलाताई स्वतः गणिती. त्याही २०२३ साली गेल्या. असा माणूस विश्वाला आरंभ नाही म्हणतो, तर नाही! सारी पाठ्यपुस्तके एकीकडे आणि मी दुसरीकडे. प्रांताच्या अभिमानावर विश्वाचा आकार ठरत नाही, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. आणि ते कळले नारळीकरांच्याच 'आकाशाशी जडले नाते' या जाड पुस्तकातून. त्यांनी तिथे महास्फोटाची बाजूही पुरतेपणी मांडली आहे, मग आपल्या शंका मांडल्या आहेत. माझ्यासारख्या मॅट्रिक वाचकाला अर्धेच सांगून आपल्या बाजूला ओढणे त्यांना किती सोपे होते! मला विचाराल तर शेवटच्या काळात त्यांचा हट्ट होता. पण त्या हट्टाविरुद्धचा पुरावाही मला त्यांनीच मराठीत वाचायला दिला.

त्या रात्री ते पुस्तक काढून बसलो. फुग्याचा दाखला जुनाच आहे, एडिंग्टननेही वापरलेला. फुग्यावर शाईचे ठिपके काढावेत आणि फुगवावा. प्रत्येक ठिपक्याला वाटते, बाकीचे आपल्यापासून दूर जात आहेत, म्हणजे मध्य आपणच. फुग्याच्या कातड्यावर मध्य कुठेच नाही. 'आणि फुग्याच्या आत काय?' असे मुले विचारणार, हे मला माहीत होते. आत काही नाही, कातडे हेच सारे विश्व असे समजायचे, आणि इथे दाखला लंगडा पडतो हेही सांगायचे. पुढचे समीकरणांत आहे, आणि समीकरणे मला येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावले. फुगा आणि शाईचे पेन बरोबर नेले होते. फुगा दोनदा फुगवला, एकदा फुटला. शेवटी म्हणालो, "अगं, तो स्फोट जागेत झालाच नाही. जागाच फुगली. तेव्हा सगळे इतके जवळ होते की कुठल्याही ठिकाणी बोट ठेव, तिथेच झाला."

"म्हणजे मुलुंडलासुद्धा?"

"मुलुंडलासुद्धा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या पुस्तकात नारळीकरांचं नाव आहे. त्यांना हे माहीत होतं का?"

मी म्हणालो, "चांगलंच माहीत होतं. पटलं नव्हतं." आणि ते जाड पुस्तक तिच्या हाती दिले. ते अजून तिच्याकडेच आहे. सहामाही परीक्षेनंतर मागितले, तर म्हणाली, अर्धे झाले आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर देते.